राखणदाराचा रकाना

इस्माईल मुकादमांनी मला पहिल्याच दिवशी दहापैकी चार मार्क दिले होते. हे मला सहा महिन्यांनी आमच्या जीपच्या ड्रायव्हरकडून कळलं. अठ्ठ्याण्णव साली मी सोलापूरहून बदली होऊन रत्नागिरीला उपअभियंता म्हणून आले, तेव्हा मुकादम माझ्या हाताखाली स्थापत्य सहायक होते. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण कागदोपत्री मी त्यांची साहेब. हाताखालच्या माणसाने साहेबाला मार्क द्यावेत आणि तेही जेमतेम काठावर पास होण्याइतके, हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि खरं काय ते विचारलं.

ते म्हणाले, खरं आहे. आणि मी न विचारताच त्यांनी मार्कांची फोड करून सांगितली. दोन मार्क रुजू झाल्या दिवशीच साइटवर गेल्याबद्दल. एक, चपला हातात घेऊन चिखलात उतरल्याबद्दल. आणि एक, पऱ्या म्हणजे काय, हे चारचौघांत न लाजता विचारल्याबद्दल. इथे ओढ्याला पऱ्या म्हणतात हे घाटावरच्या बाईला कुठून ठाऊक असणार? उरलेल्या सहा मार्कांचं काय, असं मी जरा घुश्शातच म्हटलं.

"ता पावसाळ्यानंतर बघू, बाईसाहेब," ते म्हणाले. "सुक्या दिवसांत सगळेच पास होतात."

हा माणूस दिसेल त्या गोष्टीला मार्क द्यायचा. कचेरीसमोरच्या टपरीवरच्या चहाला तीन. माझ्या अक्षराला पाच. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातल्या बिर्याणीला चार, आणि ते वरबापाच्या शेजारी उभं राहून. बायकोच्या, म्हणजे जैतूनभाभींच्या, हातच्या कालवणाला सात, आणि त्यांच्या लेखी सात म्हणजे फार झाले. आठ दिलेले मी कधी ऐकले नाहीत. एकदा मी विचारलं, की दहा मार्कांचं काही बघितलंय का उभ्या जन्मात. त्यांनी आजोळच्या गावची एक पाखाडी सांगितली. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट. ती डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरून खाली विहिरीपर्यंत उतरते. कुणी बांधली, कधी बांधली, कुणाला माहीत नाही. पण दर शिमग्याला पालखी यायच्या आधी सगळी वाडी खाली बसून तिच्यातलं गवत उपटते.

"बांधनारा इसरले सगळे," ते म्हणाले, "राखायचं नाय इसरले. ता दहा."

मुकादम मूळचे निवखारचे. खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे गाव. अलीकडे मुसलमानांचा मोहल्ला, पलीकडे भंडाऱ्यांची वाडी. घराणं दर्यावर्दी. थोरले भाऊ युसुफभाई स्वतःची होडी चालवायचे, बाकी निम्मं घर आखाताकडे. हे एकटेच पदविका घेऊन सरकारी नोकरीत शिरले. अंगाने किडकिडीत, डोक्यावर जाळीची टोपी, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. खांद्यावरच्या खाकी पिशवीत तीन वस्तू कायम असायच्या: टोकाशी वाकवलेली हातभर लांबीची सळी, एक छोटी हातोडी आणि माडाच्या हिरांची केरसुणी. आमच्या खात्यात केरसुणी घेऊन पूल तपासायला जाणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही. घरी आणि साइटवर ते 'मला'च्या जागी 'मना' म्हणत, कचेरीत आठवण झाली की सुधारून घेत, आणि फार रंगात आले की ते सुधारायचंही राहून जाई.

त्यांची तपासणीची पद्धत आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. पुलाची उंची ठरवायला पुराची कमाल पातळी लागते. ती आम्ही नकाशावरून काढायचो. मुकादम गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या ओटीवर जाऊन बसायचे आणि विचारायचे, की तुझी कोंबड्यांची खुराडी किती वेळा वाहून गेली आणि तेव्हा कुठे होती. म्हातारी आधी सुनेबद्दल बोलायची, मग जावयाबद्दल, मग तासाभराने काठी टेकत उठून अंगणातल्या फणसाच्या खोडावर बोट ठेवायची. मुकादम तिथे खिळा मारायचे. आमची पातळी आणि तो खिळा यांत एका ठिकाणी पुरुषभर फरक निघाला. पुढच्या पावसाळ्यात पाणी खिळ्याला लागून गेलं. मी तो खिळा बघायला मुद्दाम गेले होते. त्याच्यावर सुकलेला चिखल होता आणि वीतभर वरचं खोड कोरडं होतं. त्या दिवसापासून मी या माणसाशी बोलताना आवाज खाली ठेवायला शिकले.

कामाच्या जागेवर गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. सिमेंट कुठलं, ठेकेदार कोण, हे सगळं नंतर. आधी विचारायचे, "हेचा राखणदार कोन?"

मला सुरुवातीला कळेना. मग समजलं, की कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. शेताला, बांधाला, विहिरीला, वाटेला. तो दिसत नाही, पण असतो, आणि वर्षातून एकदा त्याला नारळ किंवा कोंबडा देऊन राखण द्यावी लागते. मुकादमांनी तो शब्द उचलला आणि त्यातला न दिसणारा भाग काढून टाकला. त्यांचा राखणदार म्हणजे हाडामांसाचा माणूस, ज्याला त्या बांधकामाची काळजी आहे आणि ज्याला नाव आहे.

साधारण दोन हजार दोन साली आमच्याकडे एक नवीन शब्द आला: शाश्वत. वरून परिपत्रक निघालं, की जिल्ह्यातले झालेले पूल, साकव, बंधारे, रस्ते यांचं शाश्वततेच्या दृष्टीने मूल्यांकन करायचं. शंभर मार्कांचा तक्ता. साठ किंवा त्याहून जास्त मार्क पडतील त्या गावाला पुढच्या टप्प्याचं काम मिळणार. साठाच्या आत पडले, की त्या गावाचं नाव यादीतून गेलं. तक्ता कुणीतरी दुसऱ्या मुलखासाठी केलेला आणि घाईत मराठीत आणलेला होता. साकव म्हणजे पऱ्यावरचा चार माणसांनी ओलांडायचा पूल, पण तिथे सायकली ठेवायची सोय आहे का, यालाही मार्क होते. पुलाच्या परिसरात हिरवळ जोपासली आहे का, याला पाच मार्क. आमच्याकडे हिरवळ जोपासावी लागत नाही, ती आवरता आवरता माणूस म्हातारा होतो. मुकादमांनी तक्ता दोनदा वाचला आणि शीर्षकावर बोट ठेवून म्हणाले, की शाश्वत एकटा अल्ला, पुलाला राखावं लागतं.

या मूल्यांकनाचं दोन दिवसांचं शिबिर शहरात झालं. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ मंडळी आली होती. दाराशी यादी घेऊन बसलेल्या मुलीने नाव विचारलं, हे म्हणाले, मुकादम. तिने यादीत न बघताच नम्रपणे सांगितलं, की मुकादमांची आणि मजुरांची बसायची सोय बाहेर आहे. आता मुकादम हे आडनावसुद्धा असतं हे त्या बिचारीला कुणी सांगायचं? यांनी सांगितलं असेल असं वाटत असेल, तर तुम्ही यांना ओळखत नाही. हे निमूटपणे बाहेर जाऊन आंब्याखाली ड्रायव्हर मंडळींत बसले. मी चहाच्या सुट्टीत शोधत गेले तर वही उघडून काहीतरी लिहून घेत होते. माझा संताप झाला होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता आत चला, मी त्या मुलीची खबर घेते.

"ऱ्हाऊ दे वो," ते म्हणाले. "मना इथं जास्त मार्कांचं शिकाया मिळतंय."

त्यांनी ड्रायव्हरांना एकच प्रश्न विचारला होता, की अंड्यांची खेप असली तर कुठला पूल टाळून लांबच्या वाटेने जाता. वहीत सात पुलांची नावं होती. पुढच्या महिन्याभरात आम्ही ते सातही बघितले. सातही ठिकाणी सांधे निखळलेले होते. पैकी दोन कागदावर उत्तम स्थितीत होते. आत हॉलमध्ये त्याच तासात मी रकाना क्रमांक चार कसा भरावा हे शिकले होते, आणि तेही आता विसरले आहे.

मूल्यांकनाच्या निमित्ताने आम्ही पार आंजर्ल्यापर्यंत गेलो. त्या फेऱ्यांतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका साकवाच्या दगडांच्या सांध्यात हातभर उंचीचा पिंपळ उगवला होता. पिंपळ लहान असताना काढला नाही तर दगड फोडतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण पिंपळाला हात कोण लावणार? सरपंच, पोलीसपाटील, शाळेचे गुरुजी, सगळे हात जोडून उभे. अशा वेळी पंचक्रोशीत एकच नाव निघे. मुकादम हसत म्हणायचे, की पिंपळ उपटायची वेळ आली की हिंदूंना आमची आठवण होते. ते खाली बसले, मुळाशी पाणी ओतलं, पुटपुटत काहीतरी म्हणाले आणि एक तंतू न तोडता रोप सोडवून ओल्या गोणपाटात गुंडाळलं. येताना एका उघड्याबोडक्या एसटी थांब्यापाशी जीप थांबवून ते लावलं. रोपाशी काय बोललात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेला सांगितलं, तुजी चूक नाय बाबा, जागा चुकली." त्यांनी असे किती पिंपळ लावले ते मोजलं नव्हतं. मागे त्या रस्त्याने गेले तर त्या थांब्यावर सावलीत माणसं बसली होती.

आता निवखारचा पूल.

हा पूल मुकादमांनी स्वतः उभा केलेला. ठेकेदार होता, मजूर होते, सही माझी होती, पण पूल त्यांचा. खाऱ्या पाण्याने कालवलेलं काँक्रीट आतून सडतं, सळ्या गंजतात. म्हणून कालवायला आणलेल्या पाण्याच्या प्रत्येक पिपात ते बोट बुडवून जिभेला लावायचे. रमजानच्या महिन्यात रोजा होता म्हणून दिवसा चव घेता येईना, तर त्यांनी ते काम जैतूनभाभींच्या आईकडे दिलं. त्या बाईंना आजारपणामुळे रोजा माफ होता. ती ऐंशीच्या घरातली म्हातारी खुर्ची टाकून बसायची, थेंब चाखायची आणि मान हलवायची. तिने तीन टँकर परत पाठवले. माझ्या सगळ्या नोकरीत इतका निर्दोष पूल मी दुसरा बघितला नाही आणि हे मी सहीनिशी लिहून द्यायला तयार आहे.

मूल्यांकनाला आम्ही निवखारला गेलो, तेव्हा पूल होऊन सव्वा वर्ष झालं होतं. सगळं गाव पुलावर जमलेलं. टेबल, टेबलावर चादर, कोकम सरबताचे ग्लास. गावाला साठ मार्क हवे होते, कारण पुढच्या टप्प्यात पुलापासून होड्या लागतात तिथपर्यंतचा रस्ता होणार होता. तो नव्हता म्हणून बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन खाडीकाठच्या खाजणातल्या गुडघाभर चिखलातून पुलापर्यंत यायच्या, तेव्हा कुठे माल टेम्पोत चढून मिरकरवाड्याच्या बंदरावर जायचा. त्यांत युसुफभाईंची बायको, म्हणजे मुकादमांची भावजय, रोजची. आणि मार्क देणारा कोण, तर घरचाच माणूस. गावाने सरबत आधीच केलं होतं ते उगाच नव्हे.

बाकीच्या रकान्यांची बेरीज पंचावन्न झाली. शेवटचा रकाना उरला: देखभालीची व्यवस्था, दहा मार्क. जिल्ह्यातल्या इतर पथकांनी तिथे 'ग्रामपंचायत' असं लिहून आठ मार्क देण्याचा धडाका लावला होता. आमच्या पथकात मुकादम होते. ते प्रत्येक गावात नाव विचारायचे, आणि नाव मिळालं नाही तर शून्य. इथे पाच पुरेसे होते.

मुकादम पिशवीतून सळी काढून पुलाच्या एका टोकाला गेले. पुलावरचं पाणी खाडीत पडावं म्हणून कठड्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा भोकं ठेवलेली होती. ते एकेका भोकात सळी घालत पुढे सरकत गेले. बावीसपैकी एकोणीस भोकं बुजलेली होती. वाळू, पानं, गुटख्याच्या पुड्या, माशांचे खवले. ते परत आले, हात पुसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, की याचा राखणदार कोण. सरपंच म्हणाले, ग्रामपंचायत. मुकादमांनी विचारलं, ग्रामपंचायतीला हात किती. मग युसुफभाई पुढे झाले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की एवढं काय त्यात, तुझं स्वतःचंच नाव लिही, तू आहेसच की.

"मी बांधनारा," मुकादम म्हणाले. "बांधनारा राखणदार झाला तर तेच्यामागं पूल पोरका होतो, भाय."

आणि त्यांनी रकान्यात लिहिलं: राखणदार नाही. पुढे शून्य.

मी त्यांना बाजूला घेतलं. हे हात दाखवून अवलक्षण आहे, असं म्हटलं. आपल्याच पुलाला, आपल्याच गावात, पाच मार्कांसाठी. त्या बायकांच्या पायांकडे बघा, असंही म्हटलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, हे मी बघितलं. त्यांत त्यांची स्वतःची भावजय होती, मी त्यांना काय दाखवणार होते? ते हळूच म्हणाले, "पाच देतो, बाय. कुनाच्या नावावर देऊ, ता सांगा." बाईसाहेब सोडून त्यांनी मला पहिल्यांदाच बाय म्हटलं होतं. माझ्याजवळ नाव नव्हतं. मी सही केली. सही करताना तो कागद फाडून दुसरा भरावा असं मनात येऊन गेलं, हे आज कबूल करते. युसुफभाईंनी सरबताचा जग उचलून कठड्यावरून खाडीत ओतला आणि ते निघून गेले. गाव यादीतून गेलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. तांत्रिक अहवालात राखणदार, म्हणजे भुताखेतांचा उल्लेख करून अंधश्रद्धेला उत्तेजन का दिलं, याचा मुकादमांनी खुलासा करावा. हसता हसता मी रडायचीच बाकी होते. मुकादमांनी मात्र गंभीरपणे उत्तर लिहायला घेतलं. त्यात एकच वाक्य होतं, की मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस असून माझा राखणदार जेवतो, खातो व त्याला नाव-पत्ता असतो, तो मिळाल्यास कळविण्यात येईल. मी ते जसंच्या तसं पुढे पाठवलं. पुन्हा पत्र आलं नाही.

निवखारमध्ये त्यांच्याशी बोलणं बंद झालं. भावाने ईदलाही त्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. जैतूनभाभींना विहिरीवर ऐकून घ्यावं लागे. मुकादम दर रविवारी सळी आणि केरसुणी घेऊन पुलावर जाऊन एकटेच भोकं साफ करायचे. येणारे-जाणारे विचारायचे, काय इस्माईलभाय, आता किती मार्क झाले? ते म्हणायचे, शून्यच, मी करतो ते धरायचं नाही. मी एकदा त्यांना विचारलं, की पश्चात्ताप होतो का. ते केरसुणी झटकायला लागले. भावजयीचं ते रोजचं चिखलातून चालणं त्यांना छळत होतं. तरी शून्याचा पाच करावा असं त्यांच्या मनात आलं नसावं. मी त्यांच्याहून मोठ्या हुद्द्याची, जास्त शिकलेली, पण एवढा ताठ कणा माझ्यात नव्हता आणि आजही नाही.

दोन पावसाळ्यांनी शेजारच्या खाडीवरचा एक पूल बंद पडला. त्याला मूल्यांकनात एक्क्याऐंशी मार्क होते. वर पाणी साचून साचून आतल्या सळ्या गंजल्या आणि स्लॅबला आरपार भोक पडलं. एसटी, बर्फाच्या गाड्या, रुग्णांच्या गाड्या, सगळं निवखारवरून जाऊ लागलं. निवखारचा पूल रविवारच्या रविवार साफ होत होता. त्याला काही झालं नव्हतं.

पुढचं मला जैतूनभाभींनी सांगितलं. मे महिन्यातल्या एका रविवारी मुकादम नेहमीप्रमाणे मोहल्ल्याच्या टोकाकडून सुरुवात करून भोकं साफ करत होते. भंडाऱ्यांच्या वाडीच्या टोकाकडून युसुफभाई आले. हातात होडीवरची आकडी. खाली बसले आणि त्या बाजूने भोकं मोकळी करायला लागले. दोघे भाऊ मधल्या सहाव्या भोकापाशी समोरासमोर आले. ते भोक युसुफभाईंनी साफ केलं. मग दोघे घरी जेवायला गेले. भाभी म्हणाल्या, त्या दिवशी यांनी कालवणाला मार्कच दिले नाहीत, खाली मान घालून जेवत राहिले. पुढच्या रविवारी भंडाऱ्यांची दोन माणसं आली, आणि मग येत गेली.

दोन हजार पाचला माझी कराडला बदली झाली. निरोपाच्या वेळी मी मुकादमांना माझे मार्क विचारले. सात वर्षांत चाराचे किती झाले? ते म्हणाले, अजून पेपर तपासून झाला नाही.

तीन वर्षांनी त्यांच्या आजारपणाची बातमी कळली, तशी मी मे महिन्यात निवखारला गेले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. घरी नव्हते. भाभींनी पुलाकडे बोट दाखवलं. पुलाच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर ती वाकडी सळी आडवी ठेवून. फार वाळले होते, टोपी मोठी वाटत होती. समोर पंधरा-वीस माणसं, मोहल्ल्यातली आणि वाडीतली, भोकांपाशी बसून काम करत होती. होड्यांपर्यंतचा रस्ता झालेला नव्हता. टेम्पो मात्र पूल उतरून चिखलाच्या कडेपर्यंत येऊ लागला होता.

त्यांनी पहिलं विचारलं ते त्या तक्त्याचं. माझ्याजवळ त्याची झेरॉक्स होती आणि ती मी बरोबर आणली होती, कारण मी या माणसाला थोडीफार ओळखत होते. ते म्हणाले, सही तुमची आहे, दुरुस्ती तुम्हीच करायची. मी पेन काढलं, शून्यावर काट मारली आणि विचारलं, किती घालू.

"सहा."

मी म्हटलं, सहाच? एवढी माणसं समोर बसली आहेत आणि सहाच?

"मी खुर्ची टाकून बसलोय ना हितं," ते म्हणाले. "मना बघून करतात का पुलासाठी करतात, ता कळाया नको? माज्यामागं एकदा येऊन बघा. तवा केलेलं असलं तर सात घाला."

मी सहा लिहिले. खाली सही केली. मग धीर करून विचारलं, आणि माझे? त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे तेवढे पहिल्यासारखेच होते.

"ते पन तवाच, बाय," ते म्हणाले.

ओहोटी लागली होती. मी निघाले तेव्हा ते खुर्चीतून वाकून जवळच्या भोकात सळी घालायला बघत होते आणि पोचत नव्हते. शेजारच्या माणसाने त्यांच्या हातून सळी घेतली नाही. त्याने खुर्ची उचलून पुढे सरकवली.

श्रावणात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी कराडहून एसटीने रत्नागिरीला आणि तिथून निवखारला गेले. कुणाला कळवलं नव्हतं. रविवार होता. पूल दिसायला लागला. नापास झालेलं बघायला मी एवढ्या लांब आले असेन तर काय, असं मनात येत होतं. पुलाच्या टोकाशी खुर्ची नव्हती. कठड्याच्या कडेने माणसं उकिडवी बसलेली होती. सात-आठ असतील, मागच्या वर्षीपेक्षा कमी. मी एकेक भोक बघत चालले. पहिली नऊ स्वच्छ होती, खालचं पाणी दिसत होतं. दहाव्याशी साडीचा काष्टा घातलेली एक बाई बसली होती, हातात तीच टोकाशी वाकलेली सळी. शेजारी मासळीची रिकामी पाटी. तिने मान वर न करता विचारलं, की कोण वो तुमी, कुणाकडं आलाव?

मी म्हटलं, पुलाला मार्क द्यायला आले आहे.

"मंग थांबा वाईच," ती म्हणाली. "दोन भोकां ऱ्हायलीत अजून."